घरच्या म्युझिक स्ट्रीमरचा वीजपुरवठा बदलताना: आधी मोजा, मग पैसे काढा

रात्री साडेदहानंतर गल्ली शांत झाली की मी ख्यालाचं एखादं जुनं रेकॉर्डिंग लावतो. माझा स्ट्रीमर म्हणजे रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा, एकाच बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर), त्यावर बसवलेला डॅक बोर्ड (डिजिटल गाण्याचा अॅम्प्लिफायरला चालणारा अॅनालॉग सिग्नल करणारा) आणि शेजारी गाण्यांची हार्ड डिस्क. सुरुवातीचे काही महिने तानपुऱ्याच्या खाली एक बारीक गुणगुण सतत ऐकू यायची, आणि मध्येच "टक्" होऊन सूर क्षणभर तुटायचा. जो तो सांगायचा, वीजपुरवठा बदल. मी चांगले पैसे घालून लिनियर पुरवठा (जड ट्रान्सफॉर्मरवर चालणारा, सहाव्या भागात त्याबद्दल लिहिलं आहे) आणला, जोडला, दिवे मंद करून ऐकायला बसलो. गुणगुण तशीच. टक् तसंच.

नंतर कळलं की दोन्ही तक्रारींची कारणं वेगळी होती आणि दोन्ही त्या नव्या खोक्याच्या आवाक्याबाहेरची होती. टक् होत होतं ते बारीक तारांच्या केबलमुळे, कारण नव्या पुरवठ्याच्या मागच्या सॉकेटात मी जुनीच पांढरी केबल खुपसली होती. आणि गुणगुण येत होती टीव्हीला जोडलेल्या एचडीएमआय केबलमधून. तुमचे पैसे आणि रात्री वाचाव्यात म्हणून ज्या क्रमाने मी हे करायला हवं होतं, त्या क्रमाने लिहितो आहे. उदाहरण पाय ४ चं आहे, पण ५ व्होल्टवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या स्ट्रीमरना यातलं बरंचसं लागू पडतं.

लागणारं सामान:

- साधा डिजिटल मल्टिमीटर
- यूएसबीमध्ये खुपसायचा छोटा व्होल्ट-अँपिअर मीटर
- चार्ज केलेली पॉवर बँक (एक संध्याकाळ उसनी मिळाली तरी चालेल)
- ४.७ ओहम, १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर
- स्ट्रीमर आणि जुना अडॅप्टर या दोन्हींवरच्या लेबलांचे मोबाइलवर काढलेले फोटो
- तयार स्ट्रीमर असेल तर त्याची पावती आणि वॉरंटी कार्ड
- कागदी स्टिकर आणि पेन

मीटर, रेझिस्टर, जाड केबल या वस्तू पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात. फोटो मात्र नक्की घेऊन जा. काउंटरवर गर्दी असते आणि "पाच व्होल्टचा द्या" एवढ्यावर समोरचा माणूस तुम्हाला काहीही देऊ शकतो.

१. तक्रार नेमकी कोणती, ते कागदावर लिहा

"आवाज चांगला नाही" यावरून काहीच शोधता येत नाही. गुणगुण सतत आहे की गाणं चालू असतानाच येते? टक् कधी होतं, नवीन गाणं सुरू होताना की केव्हाही? स्ट्रीमर आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होतो का? दोन-तीन दिवस नोंद ठेवा. माझ्या वहीत टक्च्या पुढे प्रत्येक वेळी "डिस्क फिरायला लागल्याचा आवाज" असं लिहिलेलं होतं. उत्तर माझ्याच अक्षरात समोर होतं, मी ते उशिरा वाचलं.

२. लेबल वाचा

स्ट्रीमरच्या खाली किंवा मागे व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त. जास्त अँपिअरचा अडॅप्टर लावल्याने काही जळत नाही, कारण यंत्र लागेल तेवढाच करंट ओढतं. व्होल्ट चुकले तर मात्र बोर्ड गेलाच.

पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात. हा वरचा ०.१ केबलमध्ये होणारी घट भरून काढण्यासाठी असतो. पाय ५ साठी अधिकृत पुरवठा ५.१ व्होल्ट, ५ अँपिअरचा आहे. इथे बरेच जण फसतात. घरी लॅपटॉपचा ६५ वॅटचा यूएसबी-सी चार्जर असतो, वाटतं हा तर भरपूर झाला. पण असे चार्जर ६५ वॅट देतात ते २० व्होल्टवर. ५ व्होल्टवर ते साधारण ३ अँपिअरलाच थांबतात. मग पाय ५ चालू होतो खरा, पण यूएसबी सॉकेटांना मिळून ६०० मिलिअँपिअरच सोडतो आणि डिस्क किंवा यूएसबी डॅक उपाशी राहतो.

आणखी एक. २०१९ मध्ये आलेल्या पाय ४ च्या पहिल्या बोर्डांत यूएसबी-सी सॉकेटच्या जोडणीत चूक होती. लॅपटॉपसाठीच्या काही महाग, चिप असलेल्या केबली लावल्या की चार्जरला वाटायचं, समोर हेडफोनसारखं काहीतरी जोडलंय, आणि तो वीजच द्यायचा नाही. नंतरच्या बोर्डांत ती चूक सुधारली. तुमचा बोर्ड सेकंडहँड असेल आणि भारी केबलवर अजिबात चालू होत नसेल, तर साधी केबल लावून बघा. बोर्ड बहुतेक धडधाकट असेल.

३. बोर्डालाच विचारा

हे फुकट आहे आणि दोन मिनिटांचं काम आहे. स्ट्रीमरच्या सेटिंगमध्ये एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बोर्डाला कमांड देण्याची सोय) चालू करा, कॉम्प्युटरवरून टर्मिनल उघडून स्ट्रीमरला जोडा आणि कमांड द्या: व्हीसीजेनसीएमडी, मग एक जागा सोडून गेट, अंडरस्कोर, थ्रॉटल्ड. सगळी अक्षरं छोटी, इंग्रजीत: vcgencmd get_throttled.

उत्तर "०एक्स०" आलं तर शेवटचं चालू केल्यापासून व्होल्टेज एकदाही घसरलेलं नाही. "०एक्स५००००" म्हणजे मध्ये कधीतरी घसरलं होतं आणि बोर्डाने स्वतःचा वेग कमी केला होता. "०एक्स५०००५" म्हणजे या क्षणीही घसरलेलं आहे. इशाऱ्याची रेषा ४.६३ व्होल्टच्या आसपास असते. रीस्टार्ट केलं की ही नोंद पुसली जाते, म्हणून तासभर गाणी वाजवून, डिस्क एक-दोनदा झोपून जागी होऊ देऊन मगच विचारा. नुकत्याच चालू केलेल्या बोर्डाचं "०एक्स०" काही सांगत नाही.

४. केबल

माझं सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं, म्हणून आकडे देतो.

यूएसबी केबलवर बारीक अक्षरं छापलेली असतात, उजेडाकडे तिरकी धरून वाचावी लागतात. "२८एडब्ल्यूजी/१पी" आणि पुढे "२४एडब्ल्यूजी/२सी" असं काहीतरी दिसेल. "१पी" ही डेटाची जोडी, तिच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. "२सी" म्हणजे वीज वाहणाऱ्या दोन तारा, त्यांचा गेज (तारेच्या जाडीचं माप, "एडब्ल्यूजी"च्या आधीचा आकडा) बघायचा. गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड.

वीज जाते तशीच परतही येते, म्हणून एक मीटर केबलमध्ये ती दोन मीटर तांब्यातून फिरते. वीजवाहक तारा २८ गेजच्या असतील तर १ अँपिअरला सुमारे ०.४३ व्होल्ट वाटेतच जातात. २४ गेजमध्ये ०.१७, आणि २० गेजमध्ये जेमतेम ०.०७.

आता माझी पांढरी केबल घ्या. मीटरवर पुरवठ्याच्या तोंडाशी ५.१ व्होल्ट दिसत होते. नुसतं गाणं वाजताना बोर्ड एक अँपिअरच्या आत राहायचा, त्यामुळे कसंबसं निभायचं. पण अडीच इंची डिस्क फिरायला लागताना क्षणभर एकटीच एक अँपिअरच्या जवळपास ओढते. तेवढ्यात बोर्डाच्या टोकाला व्होल्टेज ४.६ च्या खाली जायचं, डिस्क अडखळायची आणि टक्. समोरचा पुरवठा कितीही उंची असला तरी ही घट त्याच्या पुढे, केबलमध्ये होत होती.

म्हणून मोजमाप बोर्डाच्या टोकाला करा, पुरवठ्याच्या टोकाला नाही. छोटा यूएसबी मीटर बोर्डाच्याच मोकळ्या यूएसबी सॉकेटात लावा. आकडा प्रत्यक्षापेक्षा किंचित कमी दिसेल, पण डिस्क सुरू होताना तो किती खाली झुकतो ते स्पष्ट कळेल. मल्टिमीटरची टोकं बोर्डाच्या पिनांवर टेकवायचा मोह टाळा. १ नंबरची पिन ३.३ व्होल्टची, तिला चिकटून २ नंबरची ५ व्होल्टची. हात जरा घसरला, दोन्ही एकत्र आल्या, की बोर्ड कायमचा गेला.

उपाय स्वस्त आहे: आखूड, जाड केबल. किंवा ज्याची केबल अडॅप्टरलाच जोडलेली असते असा पुरवठा. पाय ४ च्या अधिकृत अडॅप्टरला दीड मीटरची १८ गेजची तार कायमची जोडलेली येते. दिसायला अगदी साधा आहे. माझ्या मते नव्या माणसाने पहिली खरेदी हीच करावी आणि महिनाभर त्यावर ऐकावं.

डिस्क मोठी असेल तर तिला स्वतःचा अडॅप्टर असलेल्या यूएसबी हबवर हलवा. पाय ४ ची सगळी यूएसबी सॉकेटं मिळून १.२ अँपिअरच देऊ शकतात.

५. गुणगुण कुठून येते?

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. अर्थिंगच्या फेऱ्यातून (वेगवेगळ्या ठिकाणी अर्थिंग असलेली दोन यंत्रं वायरीने जोडली गेली की) आलेली गुणगुण बहुतेकदा ५० हर्ट्झची, घुमणारी असते. रेक्टिफायरनंतर (एसीचं डीसी करणारा भाग) नीट न गाळलेल्या पुरवठ्याची १०० हर्ट्झची, जरा खरखरीत. काळी एकचा षड्ज १३८ हर्ट्झच्या आसपास आणि तानपुऱ्याचा खरज त्याच्या निम्मा, ६९. म्हणजे गुणगुण बरोबर खरजाच्या अंगणात येऊन बसते. ढोलताशात ती कळणार नाही. विलंबितात ती असह्य होते.

आता पॉवर बँक काढा. स्ट्रीमर तिच्यावर चालवा, बाकी सगळ्या वायरी जशाच्या तशा राहू द्या.

गुणगुण गेली, तर ती अडॅप्टरमधून किंवा अडॅप्टरच्या वाटेने येत होती. तशीच राहिली, तर अडॅप्टर निर्दोष आहे आणि नवा पुरवठा घेऊन काही होणार नाही. माझ्याकडे तशीच राहिली. मग मी एकेक वायर काढत गेलो. लॅन काढली, फरक नाही. टीव्हीकडे जाणारी एचडीएमआय काढली आणि खोली एकदम रिकामी वाटली. टीव्हीला केबलवाल्याची कोअॅक्स वायर, तिचं अर्थिंग इमारतीबाहेर कुठेतरी. अॅम्प्लिफायरचं अर्थिंग माझ्या भिंतीत. स्ट्रीमर मध्ये सापडला होता. आता गाण्यांची यादी मी मोबाइलवर बघतो, एचडीएमआय लागतच नाही.

अॅम्प्लिफायरला ऑप्टिकल इनपुट असेल आणि स्ट्रीमरला ऑप्टिकल आउटपुट, तर ती वायर लावा. तिच्यातून फक्त प्रकाश जातो, वीज नाही. दोन्हींमधला विजेचा दुवाच तुटतो, आणि मग पुरवठ्याचा गोंगाट त्या वाटेने पुढे जात नाही.

दोन पिनांच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या स्ट्रीमरच्या धातूच्या खोक्यावरून बोटाची मागची बाजू अलगद फिरवली तर कधी कधी झिणझिण्या येतात. अडॅप्टरमध्ये मेन्सची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी अल्प करंट झिरपतो. तोच करंट आरसीए वायरच्या (स्ट्रीमरमधून अॅम्प्लिफायरला आवाज नेणारी वायर) बाहेरच्या जाळीतून अॅम्प्लिफायरकडे जातो. स्ट्रीमर आणि अॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर, चांगल्या अर्थिंगच्या सॉकेटात लावले की हा त्रास पुष्कळ कमी होतो. झिणझिण्या जोराच्या असतील, झटका बसल्यासारखं वाटत असेल, तर मात्र स्ट्रीमर काढून ठेवा आणि वायरमनला बोलवा.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. हे वायरमनकडून तपासून घ्या. आणि कोणी कितीही खात्रीने सांगितलं, "अॅम्प्लिफायरची तिसरी पिन काढ, गुणगुण जाईल," तरी काढू नका. गुणगुण खरंच जाते. पण आत काही बिघाड होऊन खोक्यात करंट उतरला, तर त्याला जायला हात लावणाऱ्या माणसाशिवाय वाट उरत नाही. घरात मुलं असतात.

६. लिनियर पुरवठा घ्यायचा का?

एवढं सगळं करून झालं, तक्रारी संपल्या, आणि तरी अजून एक पायरी चढायची इच्छा असेल तर हा भाग तुमच्यासाठी.

नेहमीचा अडॅप्टर वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून व्होल्टेज उतरवतो. त्याचा गोंगाट कानाच्या पट्टीच्या वर असतो, पण डॅकमध्ये तो कुठे मिसळेल सांगता येत नाही. लिनियर पुरवठ्यात जड ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर, मोठे कपॅसिटर आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारा एलटी१०८४ सारखा रेग्युलेटर असतो. चालू-बंदचा खेळ नाही, त्यामुळे वीज शांत.

पण हे लक्षात घ्या: पाय ४ स्वतःच्या पोटात ५ व्होल्टचे आणखी छोटे व्होल्ट करतो, तेही चालू-बंदच्याच पद्धतीने. बाहेरून कितीही शांत वीज दिली तरी आत तो गोंगाट पुन्हा तयार होतो. म्हणून लिनियरचा खरा उपयोग होतो तो वेगळा पुरवठा घेऊ शकणाऱ्या डॅक बोर्डाला. बोर्ड अडॅप्टरवर, डॅक लिनियरवर. अशा वेळी डॅक बोर्डावरचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) काढायचा असतो, नाहीतर दोन पुरवठे एकमेकांना भिडतात. त्या बोर्डाची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय हे करू नका.

उष्णतेचाही हिशोब करा. ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असेल तर रेग्युलेटरच्या तोंडाशी साधारण ११ व्होल्ट येतात. वरचे ६ व्होल्ट उष्णतेत जातात. दीड अँपिअरला ती उष्णता ९ वॅट, आणि बोर्डाला मिळतात साडेसात. एप्रिल-मेमध्ये टीव्हीच्या बंद कपाटात हे खोकं ठेवू नका. वर हात टेकवून पाच सेकंद ठेवता येत नसेल तर जागा बदला.

खरेदीच्या वेळी हे बघा:

- मागे ११५/२३० चं बटण आहे का. अमेरिकेतल्या भावाने-बहिणीने आणलेला लिनियर पुरवठा ११५ वर असतो. तसाच आपल्या भिंतीत लावला तर ट्रान्सफॉर्मर जळतो. साध्या अडॅप्टरवर "१००-२४०" लिहिलेलं असतं, म्हणून आपल्याला ही सवय नसते. बटणच नसेल आणि नुसतं ११५ किंवा १२० लिहिलं असेल तर तो इथे वापरायचाच नाही.
- घरात स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर आहे का. लाइट गेल्यावर लिनियरचा ट्रान्सफॉर्मर त्यावर घरघरतो आणि तापतो. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर हा प्रश्न येत नाही.
- त्याचं ५ व्होल्टचं ऋण टोक आतून अर्थिंगला जोडलेलं आहे का. असेल आणि अॅम्प्लिफायरही अर्थिंगवर असेल, तर आधी नसलेली गुणगुण नव्याने सुरू होऊ शकते. परत घेण्याची अट बोलून, लिहून घ्या.

ट्रान्सफॉर्मर आणून घरी जोडायचा विचार असेल, तर पहिल्याच प्रयत्नात २३० व्होल्टच्या बाजूला हात घालू नका. जाणकार माणूस शेजारी बसलेला हवा. आणि तयार स्ट्रीमर उघडून आतला पुरवठा बदलला की वॉरंटी जाते, हे पावती हातात घेऊन एकदा आठवा.

७. जोडण्याआधीची तपासणी

नवा पुरवठा, मग तो कितीही नावाजलेला असो, थेट स्ट्रीमरला लावू नका.

आधी नुसता चालू करून मल्टिमीटरने व्होल्ट बघा. ४.९ ते ५.२५ च्या बाहेर असेल तर परत करा. गोल पिन असेल तर आतलं टोक धन आहे की ऋण ते मोजा आणि स्ट्रीमरच्या लेबलावरच्या गोलांच्या चित्राशी जुळवा. मीटरवर उणे चिन्ह आलं म्हणजे टोकं उलटी आहेत. गोल पिनेचा बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर असला तरी आतलं भोक २.१ किंवा २.५ असू शकतं. २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटात जाते, पण सैल बसते आणि हात लागला की वीज तुटते. हा बिघाड शोधायला मला एक रविवार लागला होता.

मग ४.७ ओहमचा रेझिस्टर टोकांना लावा. त्यातून एक अँपिअरहून थोडा जास्त करंट वाहील. पाच मिनिटं ठेवा आणि व्होल्ट पुन्हा बघा. पाचाच्या आसपास टिकून असेल तर पुरवठा ठीक. रेझिस्टर भाजेल इतका तापतो, फरशीवर किंवा ताटलीत ठेवा, गादीवर नाही.

८. जोडणी

स्ट्रीमर अॅपमधून बंद करा, बोर्डावरचा हिरवा दिवा थांबेपर्यंत वाट बघा, मगच वीज काढा. चालू असताना ओढली तर मेमरी कार्ड बिघडू शकतं आणि सगळी मांडणी नव्याने करावी लागते. अॅम्प्लिफायर शेवटी चालू करायचा आणि सगळ्यात आधी बंद करायचा. जोडून झालं की तासभर वाजवा आणि तिसऱ्या पायरीतली कमांड पुन्हा द्या. "०एक्स०" यायलाच हवं.

९. कानाची परीक्षा

नवी वस्तू आणली की आवाज छान वाटतो. मलाही वाटला होता, केबल जुनीच असताना. म्हणून घरातल्या कोणाला तरी मदतीला घ्या. तुम्ही पाठ करून बसा. त्यांनी नाणं उडवून जुना किंवा नवा पुरवठा लावायचा, काही न बोलता तोच दोन मिनिटांचा तुकडा त्याच आवाजावर वाजवायचा, आणि तुम्ही कोणता ते लिहायचं. असं दहा वेळा, दोन-तीन संध्याकाळींत वाटून. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११ इतकीच आहे. तेवढे आले, तर फरक खरा आहे, आनंदाने ठेवा. पाच-सहा आले, तर परत करण्याची मुदत संपायच्या आत खोकं दुकानात पोचवा आणि त्या पैशात चांगले स्पीकर स्टँड बघा.

माझी परीक्षा मी पत्नीच्या मदतीने केली. बोर्डाच्या पुरवठ्यात मला फरक ओळखता आला नाही, सहाच बरोबर आले. डॅकला वेगळा लिनियर दिल्यावर नऊ आले. तेवढा एक ठेवला.

१०. स्टिकर

आता पेन घ्या आणि प्रत्येक अडॅप्टरच्या पिनेजवळ, वायरवरच, स्टिकर गुंडाळून लिहा: "स्ट्रीमर, ५ व्होल्ट". वायफाय राउटरचा अडॅप्टर बहुतेक १२ व्होल्टचा असतो आणि त्याची गोल पिन अनेकदा अगदी अशीच असते. दिवाळीच्या साफसफाईत सगळ्या वायरी एका टोपलीत जातात, आणि परत लावणारे हात तुमचेच असतील असं नाही.